दीड हाजिरी

सिलतऱ्यात पूर्णांक फारसे भेटत नाहीत. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं, भनपुरी आणि बिरगाव मागे पडलं की झाडांची पानं मुळात हिरवी असतात हे ऐकीव माहितीवरून मानायचं असा टापू सुरू होतो. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, ट्रकांच्या रांगा आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक धरमकाटा. लोखंड इथे टनांनी तयार होतं, पण त्याच्याविषयी बोलणं चालतं ते पाव-अर्ध्यात. एखादा ठेकेदार येतो आणि 'ढाई सूत' मागतो. दुकानदार न विचारता आठ मिलिमीटरच्या सळ्यांकडे बोट दाखवतो.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे आठ मिलिमीटर, आणि हे गणित इतकं नेमकं जमतं की फरक केसाएवढाही पडत नाही. पाच सूत म्हणजे सोळा मिलिमीटर, तेही जवळजवळ तंतोतंत. पुढे मात्र व्यवहार थोडा दिलदार होतो. तीन सूत मागितलं की दहा मिलिमीटर मिळते, म्हणजे अर्धा मिलिमीटर वर. चार सूत मागितलं की बारा मिळते, म्हणजे पाऊण मिलिमीटर खाली. मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं उलटली. सळईवरचा ठसा मिलिमीटरचा असतो, बिल किलोचं असतं, जीएसटी टक्क्यांत असतो आणि तोंडात अजून सूत असतं. तीच गत नळांची. अर्धा इंची, पाऊण इंची, सव्वा इंची. प्लंबरला 'वीस मिलिमीटर' म्हणा, तो आदराने ऐकून घेतो आणि 'म्हणजे पाऊण इंची' असं स्वतःशी भाषांतर करूनच पाना उचलतो.

मिलच्या मुनिमांचा एक हिशेब मला फार आवडतो. सळईच्या जाडीचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. हा १६२ कुठल्या आकाशातून पडला असं वाटतं, पण तो पोलादाची घनता आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ यांच्या पोटातून निघालेला आहे. बारा मिलिमीटरसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे संक्षेप देऊन ८/९. बारा मीटरची अख्खी सळई दहा किलो आणि वर दोन तृतीयांश. ट्रक भरताना हे तोंडी चालतं. करणाऱ्यांपैकी कितीतरी जण शाळेचं नाव काढलं की 'गणित अपने बस का नहीं था' असं हसत सांगतात.

माझा या मंडळींशी संबंध येतो तो दुकानामुळे. मी राहतो रायपुरात, तात्यापाऱ्यात, आणि सिलतऱ्यात चॉइस सेंटर चालवतो. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानाला छत्तीसगडात हे नाव पडलं आहे. त्यात चॉइस फारसा कुणालाच नसतो. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, पीएफ काढण्याचे फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. कागदासोबत हिशेब येतात आणि संध्याकाळी हिशेबासोबत मुलं. कुणाला प्रोजेक्टचं चित्र छापून हवं असतं, कुणाला गृहपाठ कळत नसतो. प्रिंट निघेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात मला फुकटचा मास्तर व्हायला आवडतं.

अशीच एका रोलिंग मिलच्या कामगाराची सहावीतली मुलगी वही घेऊन आली. गणित होतं ५/१६ + ३/८. तिने बेरीज करून ठेवली होती: वरचे मिळवले आठ, खालचे मिळवले चोवीस, उत्तर ८/२४. सुवाच्य अक्षर, खाली दोन रेघा. बाप शेजारी उभा. त्याला विचारलं तर त्याने हात जोडले. भिन्न, म्हणजे आपले अपूर्णांक, हे त्याची पाचवीत शाळा सुटण्याचं कारण. मग मी विचारलं, अडीच सुतीच्या शेजारी तीन सुती सळई ठेवली तर दोन्ही मिळून जाडी किती? तो म्हणाला, साडेपाच सूत, आणि माझ्याकडे असं बघितलं की एवढंसुद्धा येत नाही का तुम्हाला. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच. तीन सूत म्हणजे ३/८. साडेपाच सूत म्हणजे ११/१६. मुलीचं गणित बापाने श्वास घेण्याआधी सोडवलं होतं. फक्त ते गणित आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलीचं उत्तरही मी खोडलं नाही, तिलाच मोजायला लावलं. ८/२४ म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे पावणेतीन सुतालाही किंचित कमी. तीन सुती सळईत अडीच सुती मिळवली आणि दोन्ही मिळून तीन सुतापेक्षा बारीक झाल्या! ती खुदकन हसली. बाप म्हणाला, असा माल इथे पुष्कळ ठिकाणी निघतो.

खरं सांगायचं तर वरचा वरच्यात आणि खालचा खालच्यात मिळवणं हा पोरकटपणा नाही. क्रिकेटमध्ये तसंच करतात. एका सामन्यात सोळा चेंडूंत पाच चौकार, दुसऱ्यात आठ चेंडूंत तीन, दोन्ही मिळून चोवीस चेंडूंत आठ. इथे कुणी लसावि काढत नाही, आणि काढला तर संघाबाहेर जाईल. कारण तिथे दुसऱ्या सामन्याबरोबर नवे चेंडू येतात, अख्खं वाढत जातं. सळईचा इंच मात्र एकच असतो, दुसरी सळई आली म्हणून तो दोन होत नाही. मुलांची गफलत आकडेमोडीत होत नाही. 'कशातला पाव?' हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो, तिथे होते. अंश सगळ्यांना दिसतो. छेद खाली बसलेला असतो आणि खाली बसलेल्यांकडे कोण बघतं?

आपल्या जुन्या लोकांनी तर त्याला खालीसुद्धा बसू दिलं नव्हतं. माझे आजोबा नागपूरला धान्याच्या अडतीवर कारकून होते. त्यांच्या वहीत सव्वा म्हणजे १।, दीड म्हणजे १॥ आणि पावणेदोन म्हणजे १॥।. आकड्यापुढे उभ्या काड्या, एकेक काडी एकेका पावाची. आडवी रेघ नाही, छेद नाही, चार हा आकडा कुठेही लिहिलेला नाही. चार पावांचा एक, हे लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक. तोंडी तर त्याहून सोपं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या शब्दांनी छेद केव्हाच गिळून ढेकर दिलेला आहे. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलाला दीड म्हणायला चार शब्द लागत, आणि ते म्हणेपर्यंत माझा आतेभाऊ दीड लाडू खाऊन मोकळा होई.

पाढेही या शब्दांचेच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. पंतोजींच्या शाळेत हे रोज संध्याकाळी एका सुरात म्हणवून घेत. आजोबांना तेरा पाऊणकी विचारलं तर ते पावणेदहा म्हणून पुन्हा घोरू लागत. मला वाटायचं हा आपल्याच मुलखाचा छळ. सिलतऱ्यात आल्यावर कळलं की हिंदीवाल्यांनी आपल्यावर ताण केली आहे. त्यांच्याकडे साडेतीनचा हूंठा आहे, साडेचाराचा ढौंचा आहे आणि साडेपाचाचा पहुंचा आहे. दुकानात येणारे एक म्हातारे बनिया गृहस्थ ढौंचा अजून म्हणून दाखवतात. मी औटकी म्हणतो, ते ढौंचा म्हणतात, आणि रांगेतली मंडळी आपापला मोबाइल काढून आमचं चित्रण करतात.

साडेतीनवर तर मराठी माणसाचं प्रेम जरा जास्तच. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, देह साडेतीन हात आणि पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. सखारामबापू बोकील, निजामाकडचे विठ्ठल सुंदर आणि नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण, नाना फडणवीस अर्धे, कारण अक्कल भरपूर पण तलवारीशी गाठ नाही. यात रायपूरच्या मराठी माणसाने थोडी कॉलर ताठ करावी. ज्या भोसल्यांचे देवाजीपंत कारभारी, त्याच घराण्यातला बिंबाजी रतनपूरला बसून हा छत्तीसगडचा मुलूख सांभाळत होता. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात मी हे एकदा सांगितलं. एकाने शांतपणे विचारलं, अर्ध्या शहाण्याने उरलेल्या तिघांपेक्षा जास्त वर्षं राज्य चालवलं, मग छेदात नक्की काय धरलं होतं? यावर कुणाला काही सुचलं नाही आणि साबुदाणा वडे आले.

जुन्या मापांतली खरी हुशारी मला फार उशिरा दिसली. आजीचं माहेर साताऱ्याकडचं. ती धान्य मोजायची ते निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली या उतरंडीने. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. म्हणजे वरून खाली आलं की निम्मं, निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. इंचाचे सूत आठ. मिस्त्र्याच्या पान्यांवर ३/८, ७/१६, १/२, ९/१६. सगळा संसार दोनाने भागत भागत चाललेला. निम्मं करायला मोजमाप लागत नाही, डोळा पुरतो. आणि सगळे छेद एकाच घराण्यातले असले की लसावि काढावा लागत नाही; मोठा छेद लहानाला पोटात घेतो. आमचा फिटर हेल्परला 'सात सोळांश' असं कधी म्हणत नाही. ३/८ सैल बसला की 'उससे एक नंबर बड़ा' म्हणतो, आणि हेल्पर ३/८ चे ६/१६ करून पुढचा ७/१६ उचलतो. समच्छेद झाला, कुणाला कळलंही नाही.

पंचाईत केली ती तिनाने. अख्ख्याचे तीन सारखे भाग नजरेने करून दाखवा. भाकरीची चतकोर कुठल्याही घरात होते, तृतीयांश भाकरी तोडायला बसलं तर एक भाऊ नक्की रुसतो. शाळेच्या पुस्तकात मात्र १/२ च्या पाठोपाठ १/३ येतो, मग १/५, मग १/७, आणि दोन परक्या घराण्यांची सोयरीक जुळवल्यासारखा लसावि शोधत पोरं फिरतात. इजिप्तच्या लेखनिकांचंही असंच होतं. १/२, १/३, १/४ असे ज्यांचा अंश एक आहे तेच अपूर्णांक त्यांना चालत. अपवाद जवळजवळ एकच, दोन तृतीयांश. त्याला त्यांनी स्वतंत्र चिन्ह दिलं होतं.

दोन तृतीयांशाला आपण चिन्ह दिलं नाही, चहा दिला. सिलतऱ्याच्या टपरीवर तिघे येतात आणि 'दो का तीन' सांगतात. दोन पेले चहा, तीन गिलासांत, प्रत्येकाला २/३. टपरीवाला तीन गिलास ओळीत मांडतो, किटलीची धार न तोडता डावीकडून उजवीकडे जातो, परत येतो, आणि तीनही गिलासांतली पातळी सारखी. याच माणसाला मी बिलातला जीएसटी समजावत असतो. कारखान्याचा दिवससुद्धा तिनानेच कापलेला आहे. तीन पाळ्या, आठ-आठ तासांच्या. त्यांतला रात्रीचा तृतीयांश उरलेल्या दोन तृतीयांशांपेक्षा लांब असतो हे कुठल्याही गणिताच्या पुस्तकात दिलेलं नाही.

अपूर्णांकाची गंमत ज्याने नेमकी ओळखली असा एकजण आपल्याच बाजूचा. सह्याद्रीच्या कुशीतले भास्कराचार्य. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. ११५० च्या सुमाराला लिहिलेल्या 'लीलावती'त एका कंजुषाचं गणित येतं. त्याने भिकाऱ्याला द्रम्म दिला. अख्खा नाही, अर्धा. अर्धाही नाही, अर्ध्याचा दोन तृतीयांश. त्याचा पाऊण. त्याचा पंचमांश. त्याचा सोळावा भाग. आणि त्याचा पाव. आता सांग, भिकाऱ्याला किती कवड्या मिळाल्या?

करून बघा. अर्ध्याचा दोन तृतीयांश म्हणजे १/३. त्याचा पाऊण म्हणजे १/४. पंचमांश घेतला की १/२०, सोळावा घेतला की १/३२०, पाव घेतला की १/१२८०. आणि एका द्रम्माचे सोळा पण, एका पणाच्या चार काकिणी, एका काकिणीच्या वीस कवड्या. म्हणजे द्रम्माच्या कवड्या बरोबर १२८०. भिकाऱ्याच्या हातात पडली एक कवडी. फुटकी होती की नव्हती हे आचार्यांनी सांगितलेलं नाही. मला यात गुणाकारापेक्षा कंजुषाची वाणी भावते. 'एक कवडी दिली' म्हटलं असतं तर लोक हसले असते. 'द्रम्मातला वाटा दिला' म्हटलं की दानशूर. पगारपत्रकावरची कपात आणि मोबाइल कंपनीच्या योजना वाचताना हा गृहस्थ मला नेहमी आठवतो. आठशे-नऊशे वर्षांत त्याचा वंश फारच वाढला.

ज्याला ते सवायकी-दिडकीचे पाढे येत आणि ज्याला येत नसत, त्यांच्यात काय व्हायचं तेही सांगायला हवं. धान्य उसनं घ्यायचं ते सवाईने नाहीतर दिढीने. पेरणीला एक पोतं घेतलं की सुगीला सव्वा किंवा दीड परत. ऐकायला किती हलकं, वर फक्त अर्धं. पण हे अर्धं वर्षाचं नसे, पेरणीपासून सुगीपर्यंतच्या काही महिन्यांचं असे. एक हंगाम बुडाला की दिढीवर दिढी. एकाचं दीड, दिडाचं सव्वादोन, सव्वादोनाचं तीनला वर आणखी तीन अष्टमांश. सावकार दिडकी पाठ म्हणायचा, कुणब्याच्या हातात अंगठा होता. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले, ते लोण दख्खनभर पसरलं आणि १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या लोकांना वह्यांतल्या काड्या वाचता येत नसतील. काड्या कुणाच्या हातात आहेत हे मात्र नीट कळलं होतं.

नंतर सरकारने ठरवलं की हे पाव-आण्याचं जंजाळच नको. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे. सुटसुटीत. फक्त मधली काही वर्षं आणे आणि नये पैसे शेजारी शेजारी नांदले, आणि एका आण्याचे पैसे होतात सव्वासहा. सव्वासहा पैशांचं नाणं नाही. मग तक्ता निघाला: एक आणा म्हणजे ६ पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. बारकाईने बघा. तीन आण्यांची वस्तू एकदम घेतली तर १९ पैसे, एकेका आण्याच्या तीन घेतल्या तर १८. आजी म्हणे सोळा वेळा एकेका आण्याची कोथिंबीर घ्यायची, पुरा रुपयाचा माल शहाण्णव पैशांत. भाजीवाली तेवढी भोळी नव्हती. तिने कोथिंबिरीची जुडी बारीक केली. आता चार आण्यांचं नाणंही गेलं, ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व्यवहारातून बाद. तरी पाऊस चांगला झाला की शेतकरी पीक सोळा आणे म्हणतो आणि कमी झाला की आठ आणे. नाणं वितळवता येतं, छेद वितळत नाही.

आणि सिलतऱ्यातला सगळ्यात मोठा छेद म्हणजे आठ तास. त्याचं नाव हाजिरी. मराठीत आपण म्हणतो अर्धा खाडा पडला; इथे म्हणतात आधी हाजिरी मिली. चार तास काम, आधी हाजिरी. दहा तास, सवा. बारा तास, डेढ़. ठेकेदाराच्या वहीत हे सगळे अपूर्णांक ओळीने असतात आणि महिनाअखेरीस त्यांची बेरीज होते. कामगाराची तोंडी बेरीज आणि ठेकेदाराची लेखी बेरीज यांत पाव-अर्ध्याचा फरक निघाला की भांडण माझ्या दुकानात येतं, कारण माझ्याकडे कॅल्क्युलेटर आहे. बेरीज तर जुळते. बहुतेक वेळा दोघांचीही बरोबर असते, खाडा कुठल्या तारखेचा यावरच वाद असतो. पण मला पुढचंच गणित खुणावत राहतं.

बारा तास म्हणजे दीड हाजिरी, हे घड्याळाचं गणित. १९४८ च्या कारखाना कायद्याने वेगळं गणित घालून दिलं: दिवसात नऊ तासांवर किंवा आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांवर काम झालं, तर वरच्या तासांना दुप्पट दर. आता दिवसाने मोजा. बारातले नऊ तास साधे, तीन तास दुप्पट म्हणजे सहा, एकूण पंधरा. भागिले आठ. एक हाजिरी आणि वर सात अष्टमांश. दोनाला आदपाव कमी. आठवड्याने मोजा. सहा दिवस बारा-बारा तास म्हणजे बहात्तर. अठ्ठेचाळीस साधे, चोवीस दुप्पट म्हणजे आणखी अठ्ठेचाळीस, एकूण शहाण्णव. भागिले आठ, बारा हाजिऱ्या. सहा दिवसांच्या बारा, म्हणजे रोजच्या सरळ दोन. आणि वहीत सहा दिढे नऊ. तीन हाजिऱ्या गेल्या कुठे? कुठेच गेल्या नाहीत. त्या 'डेढ़' या शब्दात आहेत. दीड म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला वरचं अर्धं मिळालं. एकावर अर्धं, आणखी काय हवं? शब्द इतका गोळीबंद की आत डोकावून बघावंसंही वाटत नाही. तासांत लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. त्या कंजुषाने भास्कराचार्यांकडे शिकून इकडे ठेकेदारी सुरू केली असावी.

हे मी दुकानात येणाऱ्यांना सांगतो. काहीजण ऐकतात, काहीजण माझ्या पाठीमागच्या देवाच्या तसबिरीकडे बघतात. एकजण म्हणाला, बाबूजी, तुमचं गणित बरोबर आहे, पण उद्या मला तिथे पाठवताय का तुम्ही माझ्या जागी? त्याचं उत्तर माझ्याकडच्या कॅल्क्युलेटरमध्ये नव्हतं.

एक छेद मात्र कामगाराच्या बाजूने झुकलेला आहे, आणि तो सांगताना मला लग्नाची बातमी सांगितल्यासारखा आनंद होतो. ग्रॅच्युइटीचा. १९७२ च्या कायद्याने नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार देऊ केला. पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, असं कुणीही म्हणेल. पण महिन्यातले चार रविवार कामाचे नसतात, पगार सव्वीस दिवसांच्या कामाचा. मग एका दिवसाचा पगार काढायला तिसाने भागायचं की सव्वीसने? हे भांडण लोकरीच्या एका गिरणीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८० मध्ये सव्वीसच्या बाजूने निकाल लागला. पुढे ते कायद्यातही लिहिलं गेलं. १५/३० असतं तर अर्धा. १५/२६ म्हणजे अर्ध्याहून चांगला जास्त. वरचा पंधरा जागचा हलला नाही, खालचे चार रविवार काढून टाकले आणि देशभरातल्या कामगारांच्या पदरात पैसे पडले.

आमचा तो 'एक नंबर बड़ा'वाला फिटर मागे निवृत्त झाला. आधी काही वर्षं ठेकेदाराकडे डेढ़-डेढ़ करत काढली, मग एका कारखान्यात कायम झाला, आणि कायम होऊन बावीस वर्षं सात महिने भरले. शेवटचा पगार, मूळ आणि महागाई भत्ता धरून, सव्वीस हजार. फॉर्म भरायला आला तेव्हा त्याचा हिशेब एका बिडीच्या कागदावर तयार होता. अर्धा पगार तेरा हजार. वर्षं साडेबावीस; सात महिन्यांतला एक महिना त्याने मोठ्या मनाने कंपनीला सोडून दिला होता. तेरा हजार गुणिले साडेबावीस, दोन लाख ब्याण्णव हजार पाचशे. गुणाकार तोंडी आणि चोख.

मी म्हटलं, बसा. सव्वीस हजार भागिले सव्वीस, रोजचे हजार. पंधरा दिवसांचे पंधरा हजार, तेरा नव्हेत. हे त्याला पटायला वेळ लागला नाही, रविवारचं त्याने ऐकलं आणि मान डोलावली. वर्षांपाशी मात्र तो अडला. मी सांगितलं, साडेबावीस नाही, तेवीस धरायची. सहा महिन्यांच्या वर जे काही असेल ते पूर्ण वर्ष धरायचं असं कायद्यात आहे. तेवीस गुणिले पंधरा हजार, तीन लाख पंचेचाळीस हजार. त्याच्या कागदापेक्षा साडेबावन्न हजार जास्त.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मला वाटलं आनंदाने. मग त्याने खिशातून चष्मा काढला, आकडा पुन्हा वाचला आणि विचारलं, "सात महीना ल बछर भर मान लिन, अउ बारा घंटा ह डेढ़ेच?"